अस्तंभ्याचा चिरंजीव

सुरतेहून धुळ्याकडे येणारा हमरस्ता नवापूर मागे टाकून पूर्वेस निघाला, की कोंडाईबारीचा घाट चढण्याच्या आधी त्यावर जे बाजाराचे गाव लागते ते विसरवाडी. आणि येथूनच एक वाट उत्तरेस फुटून खांडबाऱ्यावरून नंदुरबारला, नंदुरबारहून तापी ओलांडून तळोद्याला, आणि तळोद्याच्या पाठीशी भिंतीसारख्या उभ्या ठाकलेल्या सातपुड्याच्या पायथ्याला जाऊन भिडते. मावची, कोकणी आणि भिल्ल समाजांच्या या मुलखातील मौजे विसरवाडीचा इतिहास बखरींतील लढायांच्या वर्णनांत शोधू नये. ज्या दोन वाटांच्या सांध्यावर हे गाव वसले आहे त्या वाटांचा इतिहास हाच त्याचा इतिहास, आणि त्यांपैकी उत्तरेच्या वाटेने वर्षातून एकदा, दिवाळीच्या तोंडावर, माणसे ज्याच्या भेटीला जातात तो देव नाही, राजा नाही, संतही नाही. तो मरण नाकारला गेलेला एक पुरुष आहे.

पूर्वपश्चिम वाटेविषयी थोडे आधी सांगतो, कारण तिच्यावाचून दुसरी समजणार नाही. अकबराच्या कारकीर्दीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार होते, आणि सुरतेच्या बंदरात उतरलेला माल बऱ्हाणपुरास आणि तेथून पुढे आग्र्यास पोहोचवणारे तांडे याच टापूतून जात असत. सतराव्या शतकात जवाहिरांचा व्यापार करणारा ताव्हर्निये हा फ्रेंच प्रवासी नवापूर व नंदुरबार या मार्गाने बऱ्हाणपुरास गेला, आणि नवापूरच्या तांदळाने तो इतका प्रसन्न झाला की त्याचा दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्म्याने लहान, शिजल्यावर बर्फाहून पांढरा व कस्तुरीसारखा सुवासिक असून हिंदुस्थानातील उमराव दुसरा तांदूळ खात नाहीत, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवृत्तात केली. पण हा सुगंधी मुलूख वाटसरूला निर्धास्तपणे ओलांडता येण्यासारखा नव्हता. अरण्य दाट, बाऱ्या अरुंद, आणि त्या बाऱ्यांच्या रखवालीचे हक्क भिल्ल नाइकांकडे. ज्याचा अंमल असे त्याने नाइकांशी सलोखा राखावा नाहीतर तांड्यांची आशा सोडावी, असा शिरस्ता मोगलाईत आणि पेशवाईत राहिला, आणि १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर त्यांनाही शस्त्राने न साधलेला बंदोबस्त अखेर १८२५ मध्ये जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारून करावा लागला.

अशा वाटेवर माणसाला सर्वांत मोठी भीती असते ती चुकण्याची. रात्री रानात वाट चुकलेल्या माणसाला सातपुड्यात एक अतिशय उंच पुरुष भेटतो, त्याच्या कपाळावर न भरणारी जखम असते, तो जखमेला लावण्यासाठी थोडे तेल मागतो आणि वाट दाखवून दिसेनासा होतो, ही कथा तापीच्या खोऱ्यात आणि नर्मदेच्या शूलपाणीच्या झाडीत पिढ्यान् पिढ्या सांगितली जात आहे. नर्मदेच्या परिक्रमावासीयांनीही ती आपल्याबरोबर घरोघर नेली. बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावर हाच पुरुष पहाटे येऊन महादेवाला ताजे फूल वाहून जातो, असे तेथील लोक सांगतात. म्हणजे ज्या रस्त्याने सुरतेचा माल गेला त्याच्या एका अंगास अस्तंभ्याचा डोंगर आणि दुसऱ्या टोकाकडे अशीरगड अशी या कथेची दोन ठाणी आहेत. तांड्यांबरोबर माल फिरला तशी कथाही फिरली असावी, असे मला वाटते.

हा पुरुष म्हणजे द्रोणपुत्र अश्वत्थामा. धडगाव तालुक्यातील अस्तंभा हे सुमारे १,३२५ मीटर उंचीचे शिखर त्याच्या नावाने ओळखले जाते, आणि धनत्रयोदशीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. नंदुरबार जिल्ह्याच्या सर्व तालुक्यांतून, शिवाय गुजरात आणि मध्य प्रदेशातून आलेले यात्रेकरू तळोद्यास जमतात. कोठार, असली, नकट्यादेव, जुना अस्तंभा अशा मुक्कामांनी पायी वर चढतात. आणि या चढणाऱ्यांत तरुण आदिवासी मुलांचा भरणा सर्वांत मोठा असतो. आता चांदशैली घाटातून गाड्या जातात आणि चालण्याचा बराच भाग वाचतो, तरी शेवटची उभी चढण ज्याची त्यालाच चढावी लागते. तेथे जयघोष होतो तो अश्वत्थामा ऋषींचा. महाभारताच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण महाभारतात त्याचे अखेरचे रूप ऋषीचे नाही, अपराध्याचे आहे.

त्याची कथा मुळापासून पाहिली पाहिजे. आदिपर्वात द्रोण स्वतःच्या दारिद्र्याची हकिकत सांगताना एक प्रसंग सांगतो. श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडू लागला. घरी गाय नव्हती आणि ती कोठे मिळेना. तेव्हा इतर पोरांनी पाण्यात पीठ कालवून ते पांढरे पाणी त्याला पाजले, आणि आपण दूध प्यालो या आनंदाने तो मुलगा नाचू लागला. ते नाचणे आणि भोवतालच्यांचे हसणे पाहून द्रोणाचे मन विदीर्ण झाले, तो द्रुपदाच्या दारी गेला, तेथे अपमान पावला, आणि त्या अपमानाच्या सुडातून जी साखळी सुरू झाली तिचा एक मोठा दुवा कुरुक्षेत्रावर येऊन पोहोचला. युद्धाच्या अठराव्या दिवसानंतरच्या रात्री वडाखाली बसलेल्या अश्वत्थाम्याने एका घुबडाला झोपलेल्या कावळ्यांचा संहार करताना पाहिले आणि तसाच निजलेल्या शिबिरावर घाला घातला. धृष्टद्युम्न मेला, द्रौपदीचे पाचही पुत्र मेले. पुढे परत न घेता आलेले अस्त्र त्याने पांडवस्त्रियांच्या गर्भावर सोडले, तेव्हा शस्त्र, व्याधी आणि भूक यांपासून त्याचे रक्षण करणारा मस्तकीचा मणी त्याला द्यावा लागला आणि कृष्णाने शाप दिला.

तो शाप सावकाश वाचण्यासारखा आहे. तीन हजार वर्षे तू या पृथ्वीवर एकटा फिरशील, कोणाशी बोलणे घडणार नाही, मनुष्यवस्तीत तुला थारा मिळणार नाही, अंगाला पू आणि रक्त यांची दुर्गंधी येईल, सर्व व्याधी जडतील आणि तू निर्जन अरण्यांतून भटकशील, असा त्याचा आशय आहे. लक्षात घ्या, येथे अमरत्व नाही, मुदत आहे. चिरंजीवत्व त्याला नंतरच्या परंपरेने दिले, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम यांच्या यादीत त्याचे नाव पहिले घातले, आणि विष्णुपुराणाने त्याच्याही पुढे जाऊन येणाऱ्या सावर्णि मन्वंतराच्या सप्तर्षींत द्रोणपुत्राला बसवले. म्हणजे सातपुड्यातील यात्रेकरू ज्याला ऋषी म्हणतात त्याला ऋषिपद द्यायला पुराणकारही तयार होते. कपाळाची जखम आणि तेलाची याचना ही तिसरी भर लोकांनी घातली. आणि माझ्या मते तिन्हींत श्रेष्ठ भर तीच आहे. शापात त्याला बोलायला कोणी नव्हते, लोककथेत तो वाटसरूशी बोलतो. शापात तो वस्तीबाहेर टाकलेला होता, लोककथेत त्याला कोणीतरी तेल देते.

तीन हजार वर्षे म्हणजे किती, हे समजून घेण्याची सोय या यात्रेच्या मुलखातच आहे. तापीकाठी प्रकाशे येथे केदारेश्वराचे प्रसिद्ध देवस्थान असून गोमाई तेथे तापीला मिळते. त्या गावच्या पांढरीच्या टेकाडात १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाणयुगातील माणसांची रंगीत मडकी आणि दगडी पाती मिळाली, त्यांचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वी १७०० ते १३०० असा ठरवला गेला. मग दीर्घ काळ गाव ओस. मग लोखंड वापरणारे लोक. आणि त्यांच्या वर ऐतिहासिक काळातील वस्त्यांचे थर. मडके घडवणारा कुंभार गेला, त्याची भाषा गेली, त्याच्या देवांची नावे गेली, गाव उजाड झाले, पुन्हा वसले, आणि हे सारे ज्याने डोळ्यांनी पाहिले असा एकच माणूस मागे उरला आहे, अशी कल्पना करून पाहावी. प्रत्येक थरात त्याच्या ओळखीची माणसे असतील आणि वरच्या थरात खालच्यांचे नाव घेणारे कोणी नसेल. दीर्घायुष्याची जी हौस आपण सर्व बाळगतो ती या टेकाडाच्या कापलेल्या कडेपाशी उभे राहिल्यावर फार वेळ टिकत नाही.

तरी ती हौस खोटी आहे असे मी म्हणणार नाही. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते; संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळाने आणि त्यानंतर १९१८ च्या इन्फ्लुएंझाने खानदेशातील कित्येक घरे पुसून टाकली. जेथे पाळण्यातले मूल पुढची दिवाळी पाहील याची शाश्वती नव्हती तेथे आईने शंभर वर्षांचे आयुष्य मागितले तर तो लोभ नव्हता. आपल्याकडे वाढदिवसाच्या धर्मकृत्यात मार्कंडेयाची आणि सात चिरंजीवांची पूजा करून गूळ-तीळ घातलेले दूध प्राशन करण्याचा विधी आहे. त्या पूजेत ज्यांच्यापाशी बालकासाठी आयुष्य मागायचे त्यांतला पहिला अश्वत्थामाच असतो, आणि ज्याला लहानपणी दूध म्हणून पीठ मिळाले त्याच्या साक्षीने ते दूध प्यायले जाते. आयुष्य मागणाऱ्या आईला त्याच्या व्यथेची जाणीव नसते असे नाही. पण तिला हवे असते ते लेकराचे पूर्ण आयुष्य, अंतहीन आयुष्य नव्हे, आणि या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

यात्रेचा काळ पाहिला म्हणजे हे अंतर अधिकच स्पष्ट होते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरोघर यमदीपदान होते. कणकेचा दिवा करून त्यात तेल-वात घालतात, त्याची ज्योत दक्षिणेकडे करतात, दाराबाहेर ठेवतात आणि अपमृत्यू टळो अशी यमाची प्रार्थना करतात. दुसऱ्या पहाटे नरकचतुर्दशीचे अभ्यंग. आई मुलाच्या टाळूवर तेल थापते, वडीलधारी अंगाला तेल चोळून घेतात. ज्या रात्री महाराष्ट्र यमाला दारातून माघारी धाडत असतो त्याच दिवसांत सातपुड्याची माणसे ज्याच्या दारी यम कधी येतच नाही अशा पुरुषाकडे चढत असतात, आणि ज्या पहाटे सर्वांच्या मस्तकी तेल असते त्याच पर्वात ज्याच्या मस्तकाला तेल लावणारे कोणी नाही त्याची आठवण केली जाते. ही सांगड कोणी हेतुतः घातली की ती कालक्रमाने आपोआप जुळली, याचा निवाडा पंडितांनी करावा. पण ती अर्थशून्य आहे असे मला मुळीच वाटत नाही. दोन दिवसांनी पाडव्याला ज्याचे स्वागत होते तो बळीही चिरंजीवच. त्याचे चिरंजीवत्व मात्र कोणाला भयंकर वाटत नाही, कारण त्याला वर्षाकाठी एकदा आपल्या प्रजेत परत येण्याची मुभा आहे.

चिरंजीवांच्या यादीत हा भेद सर्वत्र आढळतो. हनुमंताने मागितले ते एवढेच, की रामकथा जगात जोवर चालेल तोवर आपण राहावे. त्याच्या आयुष्याला एका प्रेमाचे माप होते. अश्वत्थाम्याच्या आयुष्याला कसलेच माप नाही.

किती जगावे या प्रश्नाचे खानदेशाने दुसरेही उत्तर दिले आहे आणि तेही तापीच्याच काठी. पूर्वेस जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव व तेथे चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. काळ आला की प्राण ब्रह्मांडी नेऊन त्याला चुकवायचे, अशा रीतीने योगबळावर चौदाशे वर्षे जगलेला हा सिद्ध वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीस गेला, त्याआधी त्याने पत्र पाठवले ते कोरेच होते, आणि त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांनी उत्तर दिले, ही कथा मराठी मुलाला शिकवावी लागत नाही. मला तिच्यातील पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. चौदा शतके मृत्यूला हुलकावणी देणाऱ्या त्या वृद्धाने गुरू केले ते मुक्ताबाईला, जिने परंपरेनुसार वयाची विशीही पाहिली नाही आणि जी १२९७ साली तापीकाठीच अंतर्धान पावली. गुरू भेटल्यानंतर चांगदेवांनी काळाला पुन्हा चुकवले नाही. गोदावरीकाठी पुणतांबे येथे त्यांनी समाधी घेतली. जे हवे होते ते मिळेपर्यंतच त्यांना आयुष्य लांबवावेसे वाटले. विशीही न गाठलेल्या मुलीकडून चौदाशे वर्षांचा म्हातारा पुरे म्हणायला शिकतो, असे सांगणारी परंपरा आयुष्याची किंमत वर्षांत मोजत नाही हे उघड आहे.

पाश्चात्त्यांच्या वाङ्मयातही हा विचार झाला आहे, परंतु त्यांची व्यथा निराळी. ग्रीकांच्या कथेत उषादेवी आपल्या प्रियकरासाठी, टिथोनससाठी, अमरत्व मागते आणि तारुण्य मागायला विसरते. तो सुकत जातो, मरत मात्र नाही. चेक नाटककार कारेल चापेक याने १९२२ साली रंगभूमीवर आणलेली नायिका तीनशेहून अधिक वर्षे जगलेली आहे आणि तिला आता गाणे आणि न गाणे दोन्ही सारखेच झाले आहे. याच नाटकाचे नाव घेऊन १९७३ साली बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने असे प्रतिपादन केले की ज्याला आपण आपले जीवन म्हणतो ते अंतहीन झाले तर त्याला कंटाळ्याने ग्रासल्यावाचून राहणार नाही. युक्तिवाद सूक्ष्म आहे; पण व्यासांनी अश्वत्थाम्याला जी शिक्षा दिली तिच्यात कंटाळ्याचा उल्लेखही नाही. तेथे आहे पू-रक्ताची दुर्गंधी आणि बोलायला कोणी नसणे. ज्या समाजात माणूस भाऊबंदांच्या, पाड्याच्या आणि पूर्वजांच्या मेळ्यातच माणूस असतो, त्या समाजाला वेळ संपत नाही याचे भय वाटत नाही. आपली माणसे संपतात आणि आपण उरतो, याचे वाटते. मला व्यासांचे निदान अधिक खरे वाटते.

आणि माणसांबरोबर ठिकाणेही संपतात. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने देवालय, ज्याच्या झाडीत अश्वत्थामा भेटतो म्हणत, सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले आणि देवाची स्थापना गोरा येथे नव्याने करावी लागली. धडगाव-अक्कलकुव्याची नर्मदाकाठची गावे उठली आणि त्यांतील कित्येक कुटुंबे तळोदे तालुक्यातील वसाहतींत आली. विसरवाडीच्या नवापूर तालुक्यात हे दुःख त्याआधीच येऊन गेले होते, कारण १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणाच्या फुगवट्याने तापीकाठच्या लोकांची शेते आणि घरे घेतली. ज्याने आपले गाव पाण्याखाली जाताना पाहिले आहे अशा वृद्धाला तुम्ही अमर होऊ इच्छिता काय असे विचारण्याचा धीर मला कधी होणार नाही. त्याने एका आयुष्यात जेवढे मागे टाकले तेवढे पुरेसे आहे.

म्हणूनच अस्तंभ्याची यात्रा मला केवळ नवसाची यात्रा वाटत नाही. अमरत्व मिळावे म्हणून तेथे कोणी जात नाही. अपराध मोठा होता हे मान्य करून, शिक्षा मात्र एकट्याने भोगू देणार नाही असे म्हणणाऱ्या माणसांची ती वारी आहे. आणि ज्यांना इतिहासाने वारंवार गुन्हेगार ठरवून रानात लोटले त्या समाजांनी असल्या एका शापिताला आपल्या डोंगरावर जागा द्यावी, ऋषी म्हणावे, वर्षातून एकदा त्याच्या भेटीला जावे, यात जी उदारता आहे ती अनेक ग्रंथांच्या दयाधर्माहून थोर आहे. अनंत जगणे असह्य आहे असाच कौल या प्रथेने दिला आहे, आणि त्या कौलाबरोबर असह्य जिणे जगणाऱ्याला सोबत देण्याचा रिवाजही घालून दिला आहे.

या रिवाजाची खरी नोंद सरकारी दप्तरांत नसून विसरवाडी, खांडबारा, कोठार आणि असली या वाटेवरच्या गावांतील वृद्धांच्या स्मरणात आहे: पूर्वी कोणत्या पाड्याची माणसे कोणत्या वाटेने चढत, शिदोरी काय नेत, पुढे कोण चाले, चढताना कोणत्या गोष्टी सांगत, कोणती गाणी म्हणत. ही माणसे चिरंजीव नाहीत. नवापूर, तळोदे आणि धडगाव येथील शिक्षकांना व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी आपापल्या गावातील अशा दोन-चार वडीलधाऱ्यांपाशी बसावे, त्यांचे सांगणे मावची, भिली, पावरी ज्या बोलीत येईल त्याच बोलीत जसेच्या तसे उतरून घ्यावे, आणि हे काम येत्या धनत्रयोदशीच्या आत सुरू करावे.